तिला बहीणच राहू द्या

आदरणीय ताई,

आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि थोडा मका. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर बघेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. आज तो पाच-सहा शब्द बोलतो. भात आणि कळण्याची भाकरी सोडून काही खात नाही. मोठा आवाज झाला की कान दाबून किंचाळतो, स्वतःचा हात चावतो.

मुलगी फार समजूतदार. त्याला अंघोळ घालते, शाळेत नेते-आणते. दोघं एकाच जिल्हा परिषद शाळेत आहेत. तो बिथरला की गुरुजी तिलाच वर्गातून बोलावतात. त्याने तिची वही फाडली तरी ती चिडत नाही. हल्ली मैत्रिणींना मात्र घरी आणत नाही.

यंदा आमच्या खान्देशातल्या देवीच्या, कानबाईच्या, विसर्जनाला गल्लीत डीजे लागला. ती नवा ड्रेस घालून फुगड्या खेळायला निघाली होती. भाऊ किंचाळला तशी उंबऱ्यातून मागे फिरली, त्याला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत त्याचे कान दाबून बसली. रात्री पाहुण्यांसमोर म्हणाली, मला लग्नच करायचं नाही, "मन्हा भाऊले मीच सांभाळसू." सगळ्यांनी कौतुक केलं. आत्याबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. मलाही भरून आलं. पण त्या रात्रीपासून मला झोप नाही.

सासूबाई म्हणतात, तिसरं होऊ द्या, भाऊ झाला तर पुढे तो याला बघेल, पोरगी काय परक्याचं धन. सासरे अपंगाचा दाखला काढू देत नाहीत, कागदावर नाव लागलं तर पोरीच्या सोयरिकीत अडेल म्हणतात. सुरतचे दीर म्हणतात, एक एकर काढा, मुंबईला नेऊन स्टेम सेलची इंजेक्शनं देऊ, पोरगं बरं होईल. आमचे हे गप्प असतात. ताई, लेकीच्या बाबतीत माझं काही चुकतंय का? तिच्याशिवाय माझं एक दिवसही चालत नाही, हेही खरं.

एक आई

* * *

ताई,

शेवटचं वाक्य तुम्ही लिहून खोडलं नाहीत, याबद्दल आधी तुमचे आभार मानते. तिच्याशिवाय तुमचं एक दिवसही चालत नाही. सगळं दुखणं तिथे आहे आणि औषधही तिथूनच सुरू करावं लागेल.

चुकतंय का, म्हणून विचारलंत. हो, चुकतंय. तिने न मागता दिलं, तुम्ही घेत गेलात, आणि घेता घेता ते रोजचं होऊन बसलं. घरात एका लेकराला जास्त लागतं तेव्हा दुसरं लेकरू आपसूक कमी मागायला शिकतं. आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो आणि निश्चिंत होतो. तुम्ही निश्चिंत झाला नाहीत, तुमची झोप उडाली, म्हणून तर हे पत्र आलं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझा धाकटा भाऊ असाच आहे. १९७० च्या दशकात भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणाच्या कानावरूनही गेला नव्हता. लोक सरळ येडा म्हणायचे. यार्डात शिट्टी झाली की तो पळत सुटायचा, त्याच्यामागे मी. शेजारच्या बाया मला शहाणी पोर म्हणायच्या. ते मला इतकं गोड लागायचं, की पुढे ते नाव जाईल याचीच भीती बसली. बारावीनंतर पुण्याला शिकायला जाता येत होतं. मी गेले नाही. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं, पण जा असंही कोणी म्हटलं नाही. आईने विचारलं असतं तरी कदाचित मी थांबलेच असते. भाऊ आज माझ्याच घरी आहे आणि त्याच्याशिवायचं घर मला नको वाटतं. तरीसुद्धा, मला कोणी विचारलं नाही, ही बोच चाळीस वर्षांनीही गेलेली नाही.

म्हणून तुमच्या पत्रात मला पोरीच्या बोलण्याची काळजी वाटली त्याहून जास्त त्यानंतरच्या कौतुकाची वाटली. तेरा वर्षांच्या पोरीने चार पाहुण्यांत एक गोष्ट बोलायची आणि सगळ्यांनी तिची दृष्ट काढायची, म्हणजे तो शब्द तिच्या गळ्यात पडला. अठराव्या वर्षी तिला वेगळं काही वाटलं, तर ते बोलायला तिची जीभ रेटणार नाही.

तेव्हा पहिलं काम, तिचा शब्द तिला परत करा. चारचौघांत नको. रात्री वेणी घालताना, ती पाठमोरी असताना बोला. डोळ्याला डोळा नसला की पोरी जास्त बोलतात. सांगा, "तू त्या दिवशी म्हणालीस ते ऐकून मला भरून आलं. पण भाऊचं पुढे काय, हे बघायचं काम माझं आणि तुझ्या पप्पांचं आहे. आम्ही त्याची सोय लावतोय. तू शिक, पाहिजे तिथे जा. मोठी झाल्यावर तुला वाटलं तर त्यात ये, किती यायचं ते तू ठरव. नाही आलीस तरी तू त्याची बहीणच." एकदा सांगून हे तिच्या मनात उतरणार नाही. दोन-चार महिन्यांनी पुन्हा सांगा. आणि पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर विषय निघाला, तर तुम्हीच मध्ये बोला, "तिला आधी शिकू द्या हो."

त्याच बोलण्यात तिला भावाबद्दल नीट माहिती द्या. मला वाटतं, तिला ऑटिझम या एका शब्दापलीकडे कोणी काही सांगितलेलं नाही. जे सांगत नाही ते मुलं स्वतः जुळवतात, आणि फार भयंकर जुळवतात. मला नऊ-दहा वर्षांची असताना वाटायचं, मी त्याला पाळण्यातून जोरात झोका दिला होता म्हणून तो असा झाला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या लेकीच्याही मनात असं काही असेल. विचारा.

सांगायचं ते साधं आहे. त्याच्या मेंदूची घडण जन्माच्या आधीपासूनच वेगळी आहे, आणि त्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. हे कांजण्यांसारखं लागत नाही. नजर, ग्रहण, मोबाईल, कोणाचं पाप, यातलं काही कारण नाही. लसीशी त्याचा संबंध जोडणारा एक लेख १९९८ मध्ये इंग्लंडच्या एका डॉक्टरने छापून आणला होता. छापणाऱ्या नियतकालिकानेच तो २०१० मध्ये मागे घेतला. तुमच्याकडेही बोट दाखवलं जात असेल, म्हणून हेही सांगते: १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची लक्षणं पहिल्यांदा सविस्तर मांडली, आणि पुढे बरीच वर्षं आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असं होतं असं मोठमोठे लोक सांगत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं. आज कोणताही जाणता डॉक्टर आईला दोष देत नाही. तुमच्या घरात कोणी देत असेल तर तो साठ वर्षं जुना, खोटा ठरलेला आरोप आहे.

स्वमग्न हा शब्द मला फारसा आवडत नाही. त्यात मूल मुद्दाम स्वतःत रमलंय असं ऐकू येतं. तुमचा मुलगा त्या दिवशी कान दाबून ओरडत होता, तो कुठे रमला होता? आपल्याला जो डीजे मोठा वाटतो तो त्याच्या अंगावर कोसळत होता. ते हट्ट करणं नाही. हट्टी पोर मध्येच थांबून बघतं, कोणी लक्ष देतंय का म्हणून. याला तेव्हा काहीच सुचत नसतं. समजावून, रागावून, चॉकलेट दाखवून ते थांबत नाही. शांत, अंधारी जागा लागते आणि वेळ लागतो. तुमच्या लेकीने नेमकं तेच केलं, तिला कोणी शिकवलं नसताना. तिने केलं ते बरोबरच होतं, फक्त ते करायला तिथे दुसरं कोणीतरी मोठं माणूस हवं होतं.

आता जरा कठीण बोलते. अंघोळीचं आजपासून बंद करा. तो आठ वर्षांचा, ती तेराची. तिचं शरीर बदलतंय, त्याचंही बदलेल. दोघांच्याही लाजेचा आणि मर्यादेचा प्रश्न आहे. अशा मुलांना शरीराची मर्यादा लहानपणीच, रोजच्या सवयीतून शिकवावी लागते. पुढे सांगून ती समजत नाही. त्याची अंघोळ त्याच्या पप्पांकडे द्या. मोरीच्या भिंतीवर चार चित्रं लावा: कपडे काढायचे, पाणी, साबण, टॉवेल. हुबेहूब काढायची गरज नाही, वहीच्या पुठ्ठ्यावर पेनाने काढली तरी चालतील, वरून प्लास्टिक चिकटवा. बोललेलं हवेत विरतं, चित्र तिथेच राहतं, म्हणून या मुलांना चित्राचा आधार लागतो. महिन्या-दोन महिन्यांत तो पाणी स्वतः ओतायला लागेल. साबणाला वर्षही लागेल, लागू द्या.

आणि तुमचे हे गप्प असतात, ते गप्प का असतात, हे तुम्ही कधी विचारलंय का? पुष्कळ बाप मुलाला घाबरलेले असतात. त्याला कसं धरायचं, काय बोलायचं, हे त्यांना माहीत नसतं, आणि घरात ते जमणारी दोन बायामाणसं असताना शिकायची पाळीच येत नाही. तुम्ही आणि लेक इतकं छान सांभाळता की त्यांना जागाच उरलेली नाही. त्यांना सल्ला देऊ नका, काम द्या. रोजचं, ठरलेलं, एकच. अंघोळ एक झाली. दुसरं, संध्याकाळचा तासभर. तुमच्या तालुक्यातून सुरत-भुसावळ लाइन जाते. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना चाकं, रूळ, एकामागून एक जाणारे डबे बघायला आवडतात. माझ्या भावाचा जीव मालगाडीत असतो. मोटरसायकलवर पुढे बसवून फाटकापर्यंत नेऊ द्या, रुळांपासून लांब, हात धरून. शिट्टीचा त्रास झाला तर नदीकाठी किंवा शेतात. बापाला मुलाशी बोलावं लागत नाही, नुसतं शेजारी उभं राहावं लागतं. बऱ्याच बापांची सुरुवात अशीच होते.

तो तास घरात तुमचा आणि लेकीचा. त्यात भावाचं नाव काढायचं नाही. तिला झोपायचं असेल तर झोपू द्या, मोबाईल बघायचा असेल तर शेजारी बसून बघा. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा, पण ठरलेल्या वेळी. कधीतरी खूप प्रेम, यापेक्षा ठरलेला थोडा वेळ पोरांना जास्त धीर देतो.

वही फाडली तरी चिडत नाही, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटलं. तेराव्या वर्षी वही फाटल्यावर चिडायलाच हवं. तिचा राग कुठे जातोय? तिला सांगा की भावाचा राग येणं, त्याची लाज वाटणं, तो नसता तर असं मनात येणं, हे सगळं सगळ्या बहिणींना येतं. मलाही आलं, अजून येतं, आणि प्रेम त्याने उणं होत नाही. त्याने मारलं-चावलं तर "तू मोठी ना, सोड" असं या घरात पुन्हा कोणी म्हणू नये. आधी तिला जवळ घ्या, मग त्याच्याकडे बघा. आणि तिला कुलपाची एक पेटी घेऊन द्या. बाजारात पत्र्याची पेटी मिळते, तीच. वह्या, रंग, बांगड्या, जे तिचं ते त्यात, किल्ली तिच्या गळ्यात. घरात एक जागा अशी असली पाहिजे जिथे भावाचा हात पोचत नाही.

शाळेचं मात्र लगेच करा. तो बिथरला की तिला वर्गातून उठवायचं, हे बंद झालं पाहिजे. गुरुजींना दोष देत नाही. एका वर्गात तीस-चाळीस पोरं, त्यांनाही कोणी शिकवलेलं नसतं. पण तिचं गणित बुडतंय, आणि वर्गात ती त्या पोराची बहीण म्हणूनच ओळखली जातेय. मैत्रिणी घरी येत नाहीत त्याची मुळं मला तिथे दिसतात. मुख्याध्यापकांना दोघं नवरा-बायको मिळून भेटा, चार ओळींचा अर्ज द्या: तिला बोलावू नये, आम्हाला फोन करावा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षक नेमलेले असतात, त्यांनी शाळेला भेट द्यावी अशी मागणी त्याच अर्जात लिहा. आणि लेकीला मैत्रिणींना सांगायला एक वाक्य पाठ करून द्या: "माझ्या भावाला आवाज सहन होत नाही आणि बोलायला वेळ लागतो, तो कोणाला काही करत नाही." तिला आजवर शब्द नव्हते म्हणून ती पोरींना घरी आणत नव्हती.

आता वडीलधाऱ्यांकडे वळते. त्यांच्या प्रत्येक बोलण्यामागे एकच भीती आहे: आपल्यामागे याचं कोण? ती भीती खरी आहे, तिचा मान ठेवून बोला. उपाय मात्र तिघांचेही चुकलेत.

सासूबाईंचं तिसऱ्या मुलाचं. एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. मुलगा झाला तर मुलीपेक्षा जास्त. म्हणजे पाचातली चार मुलं तशी नसतात हे खरं, पण राखणदार म्हणून मागितलेल्या लेकरालाच राखण लागली तर? आणि नाही लागली, तरी ज्या पोराच्या जन्माआधीच त्याचं काम ठरलेलं आहे त्याच्यावर तुम्ही किती ओझं टाकताय ते बघा. तुम्हा दोघांना मूल हवं म्हणून हवं असेल तर तो तुमचा निर्णय, मी मध्ये बोलणारी कोण. पण मोठ्याला बघायला म्हणून नको. आणि ज्या पोरीला सासूबाई परक्याचं धन म्हणतात, तिच्याच जिवावर आज घर चाललंय, हेही त्यांना कधीतरी सवडीने, आवाज न चढवता सांगा.

सासऱ्यांचं दाखल्याचं. त्यांना विचारा, तो आठ वर्षं गल्लीत वावरतोय, गावात कोणाला माहीत नाही? जे स्थळ कागद बघून मागे फिरेल ते पोराला बघूनही फिरेलच. आणि अशा घरी आपली लेक द्यायची तरी कशाला? पुढे तिच्या मुलांना हे होण्याची शक्यता इतरांहून थोडी जास्त असते, पण बहुतेकांना होत नाही. ती मोठी झाल्यावर तिला हे सरळ सांगायचं, लपवायचं नाही.

दाखला न काढल्याने त्याचं काय बुडतंय ते बघा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि ऑटिझमला त्यात जागा मिळाली. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, गावातला सेतूवालाही भरून देतो. मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. त्यासाठी चाळीस मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी आहे. तुम्हाला प्रश्न विचारतील, तुम्ही खरं सांगायचं, पोर बरं दिसावं म्हणून कमी करून सांगायचं नाही. आपल्याकडच्या आया तिथे हमखास लाजतात. चाळीस टक्के किंवा जास्त आलं तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा त्याला हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, तुम्ही निवडाल तिथे. याच दाखल्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. बोलण्याची, हातापायांच्या व्यायामाची थेरपी त्यात बसते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

आणि आपल्यामागे कोण, याचं उत्तरही त्याच वाटेवर आहे. तो अठरा पूर्ण करेल तेव्हा कायद्याने सज्ञान होईल. त्यानंतर तुम्ही आई-बाप असलात तरी आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. ती अशा व्यक्तीला पालक नेमून देते. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणी झालेली संस्था, कोणीही अर्ज करू शकतं. नेमलेल्या पालकाला त्याच्या मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्याने हयगय केली किंवा पैसा खाल्ला तर त्याला काढताही येतं. माझ्या भावाचं हे मी आई गेल्यानंतर केलं, फार उशिरा. त्या कागदावर मी स्वतःहून सही केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे माझं ठरवलेलं आहे. तुमच्या हातात दहा वर्षं आहेत. एका वकिलाला भेटून मृत्युपत्राचंही बघा, जमिनीत त्याचा वाटा कसा राहील आणि तो कोण बघेल ते लिहून ठेवा. लेकीचा वाटाही तितकाच स्पष्ट लिहा. तो तिचा हक्क म्हणून लिहा, भावाला सांभाळण्याची मजुरी म्हणून नको.

दिरांचं इंजेक्शनांचं एका दमात संपवते: करू नका. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल वापरू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलेलं आहे. ऑटिझम घालवणारं औषध आज जगात कुठेही नाही. झोप, फिट्स, स्वतःला इजा करणं, यांवर गरज पडली तर औषधं असतात, ती डॉक्टर देतील. बाकी सगळं शिकवण्याने, हळूहळू. विकायची म्हणता ती एकर उद्या त्याच्या आणि तिच्या उपयोगी पडेल. दिरांना पुतण्यासाठी खर्च करायचाच असेल तर त्यांना सांगा, कान झाकणारे चांगले हेडफोन सुरतहून पाठवा, आवाज अडवणारे. पुढच्या कानबाईला लागतील.

पुढच्या कानबाईचं आत्ताच ठरवून ठेवा. त्याला तीन-चार दिवस आधी चित्र दाखवून सांगायचं: देवी, ढोल, मग मळा. मिरवणूक निघण्याच्या अर्धा तास आधी त्याचे पप्पा त्याला गाडीवर घेऊन शेतात जातील. रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, तुमच्याकडे धान्याच्या मुठी कशा मोजतात ते मला ठाऊक नाही. बऱ्याच घरी घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, पोरींच्या नावाने नाही. तुमच्याकडेही तसंच असेल तर तेव्हा सासूबाईंना विचारून लेकीच्या नावाची एक मूठ घाला. कानबाई रागावणार नाही.

तुमच्या झोपेचं राहिलं. दोन आठवड्यांत ती परतली नाही, किंवा दिवसाही रडू यायला लागलं, तर १४४१६ ला फोन करा. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि पुढच्या कानबाईची वाट कशाला बघायची? भाद्रपदी पौर्णिमेला गुलाबाई बसतील. कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतील. लेकीला आत्ताच सांगून ठेवा की यंदा तिने रोज जायचं, त्याच ड्रेसमध्ये, आणि घरातून हाक येणार नाही. ती दोन-तीन दिवस दारात घुटमळेल, भावाकडे बघेल. "जा" म्हणा. तोंडाने म्हणा, नुसतं हसून नको. तो तेव्हा पप्पांबरोबर फाटकावर असेल.

मग एक दिवस तुमच्या घरी बोलवा सगळ्या पोरींना. गाणी ओट्यावर होऊ द्या, टिपऱ्या हळू वाजवायला सांगा, त्याला दारातून बघायचं असेल तर बघेल, नसेल तर आत बसेल. खाऊ मात्र त्या दिवशी तुम्ही एकटीने करा, लेक शाळेत असताना, आणि डबा झाकून ठेवा. एरवी ती तुमच्या हाताखाली असते, तिला सगळं आधीच माहीत असतं. त्या दिवशी तिलाही बाकीच्या पोरींमध्ये बसून खाऊ ओळखू द्या.